‘मी कधी चालेन?’ : पुनर्वसन वॉर्डात रुग्णाचं म्हणणं कसं समजून घ्यावं

नाशिकच्या कुठल्याही पुनर्वसन वॉर्डात नव्याने रुजू झालात की पहिल्याच फेरीत चार-पाच खाटांवरून एकच प्रश्न येतो : “मी कधी चालेन?” शब्द तेच असले तरी प्रश्न एक नसतो. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला विचारायचं असतं की ऑक्टोबर छाटणीला मांडवाखाली हात वर करून उभं राहता येईल का. पंचवटीतल्या जुन्या वाड्यातल्या आजींना काळजी असते माडीवरचं बिऱ्हाड सोडावं लागण्याची. अंबडच्या कारखान्यातला तरुण नोकरीबद्दल विचारत असतो. सुरगाण्याकडच्या बाईला फक्त एवढंच कळायला हवं असतं की रात्री संडासला जायला कोणाला उठवायचं. या चौघांना “तीन महिने लागतील” असं एकच उत्तर दिलंत तर चौघांचेही प्रश्न तसेच राहतात.

फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सिस्टर, समाजसेवा अधीक्षक, जे कोणी या कामात नवे आहेत त्यांच्यासाठी पहिल्या दोन आठवड्यांतल्या पायऱ्या पुढे दिल्या आहेत. स्नायूंची ताकद मोजायला तुम्ही शिकून आलेला असता. माणसाला नेमकं काय हवंय ते काढून घेणंही तितकंच शिकावं लागतं, आणि ते जमलं नाही तर उरलेल्या व्यायामात रुग्णाचं मन लागत नाही.

पायरी १ : भेटण्याआधी केसपेपर वाचा, पण वेगळ्या नजरेने

निदान आणि तपासण्या तुम्ही वाचालच. त्याखेरीज पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्या : गाव, घरची भाषा, उजवा की डावखुरा, आजाराआधीचं काम, आणि सोबत कोण राहतंय. मालेगाव-बागलाणकडचा माणूस तुमच्याशी मराठीत बोलेल, पण दुखणं आणि भीती अहिराणीत सांगेल. सुरगाणा-पेठकडच्या कोकणा कुटुंबांचंही तसंच. वॉर्डातल्या मावशी-मामांपैकी कोणाला ती बोली येते ते आधीच विचारून ठेवा. रुग्णाच्या शाळकरी मुलाला दुभाषी करू नका. आईच्या लघवीबद्दलचे प्रश्न मुलाच्या तोंडून विचारले की आई काहीच सांगत नाही.

पायरी २ : इथे काय होतं आणि काय होत नाही, ते पहिल्याच दिवशी सांगा

आधीच्या दवाखान्यात सलाईन होती, मॉनिटर होता, डॉक्टर दोनदा यायचे. इथे आल्यावर सलाईन निघते आणि सिस्टर म्हणतात, “शर्ट तुम्हीच घाला.” घरच्यांना वाटतं, उपचार बंद झाले. “सलाईन नाही तर ॲडमिट कशाला?” हा प्रश्न तिसऱ्या दिवशी रागाने येण्यापेक्षा पहिल्या दिवशी तुम्हीच काढलेला बरा. साध्या शब्दांत सांगा : “आजाराचा उपचार झाला. आता शरीराला काम पुन्हा शिकवायचंय. ते करून-करूनच येतं. म्हणून बटण लावायला दहा मिनिटं लागली तरी आम्ही थांबू. तो दुर्लक्षपणा नाही, तोच उपचार आहे.” मशीनच्या शेकाची आणि ‘करंट’ची अपेक्षाही बहुतेक घरांत असते. मशीन लागलं तर का, नाही तर का, तेही लगेच सांगून टाका.

घरचे औषध काय चालू आहे, हे तुच्छता न दाखवता याच वेळी विचारा. तेल, लेप, काढा, सगळं. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हटल्यावर गावाकडून तेलाची बाटली येणारच. हलक्या हाताने तेल लावायला सहसा हरकत नसते. संवेदना नसलेल्या पायाला गरम पिशवी किंवा विटेचा शेक मात्र अजिबात नको, कारण कातडी भाजली तरी रुग्णाला कळत नाही आणि जखम महिनोन्महिने चालते. पोटातून घ्यायचं काही असेल तर डॉक्टरांना कळवा, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तेव्हा.

पायरी ३ : बसून बोला, आणि उत्तरापर्यंत थांबा

पहिल्या संवादाला चाळीस मिनिटं लागतात. पक्षाघाताचा रुग्ण लवकर थकतो, म्हणून वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका करा. राउंडच्या घाईत नको, भेटायच्या वेळेत नको. दुपारची झोप झाल्यावर, साधारण साडेतीन-चारला, वॉर्ड शांत असतो. खुर्ची घ्या, डोळ्याला डोळा भिडेल इतक्या उंचीवर बसा. डाव्या बाजूचं भान गेलेल्या रुग्णाच्या उजवीकडे बसा, नाहीतर तो तुमच्याशी नव्हे, भिंतीशी बोलेल.

“काही त्रास आहे का?” असं विचारू नका. त्याचं उत्तर “बरं आहे” हेच येतं. आपल्याकडे डॉक्टर-सिस्टरांपुढे गाऱ्हाणं मांडणं उद्धटपणाचं वाटतं, आणि शेजारी सासूबाई किंवा मुलगा बसलेला असतो. त्याऐवजी हे चार प्रश्न, याच क्रमाने :

“आजारी पडायच्या आधी सकाळी उठल्यापासून दिवस कसा जायचा?” यातून घर, काम, सवयी, देवपूजा, चहा कोण करतं, सगळं आपोआप येतं.

“तुम्हाला काय झालंय असं वाटतं? आधी कोणी काय सांगितलंय?” ‘सहा महिन्यांत पळायला लागाल’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ते कळल्याशिवाय तुमचं बोलणं कशाच्या विरुद्ध पडतंय हे समजत नाही.

“घरी गेल्यावर पहिली कुठली गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय करायची आहे?”

“रात्री झोप लागत नाही तेव्हा डोक्यात काय येतं?” हा प्रश्न शेवटीच ठेवा. आधीच्या तिन्हींनी विश्वास बसलेला असतो.

प्रत्येक प्रश्नानंतर मनात दहापर्यंत मोजा. नवे लोक तिसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर सुचवतात, आणि रुग्ण मान डोलावून मोकळा होतो.

बोलणं गेलेल्या रुग्णाला हो-नाहीचे प्रश्न विचारताना आधी त्याचं ‘हो’ खरं आहे का ते तपासा. गाव निफाड असेल तर “तुमचं गाव निफाड का?” आणि “तुमचं गाव येवला का?” दोन्ही विचारा. दोन्हीला मान डोलली तर त्या ‘हो’वर कुठलाही निर्णय लिहू नका. चित्रं, बोटाने दाखवणं, वस्तू हातात देणं, यांकडे वळा.

“एक ते दहामध्ये किती?” हे अनेकांना जमत नाही, विशेषतः साठीपुढच्यांना. “रुपयातले किती आणे?” विचारा. “बारा आणे दुखतंय”, “चार आणे जमतं” अशी उत्तरं चटकन येतात. सोळाचं माप नोंदीत तसंच लिहा आणि दर आठवड्याला त्याच मापाने विचारा.

पायरी ४ : जे कोणी सांगत नाही, ते तुम्ही विचारा

इथे घाई करू नका. अर्ध्याहून जास्त अडचणी याच भागात लपलेल्या असतात.

*पाणी आणि लघवी.* सोबत मुलगा किंवा दीर असेल तर बाईमाणूस पाणी पिणंच कमी करते, म्हणजे बेडपॅन मागावं लागत नाही. पुढचं सगळं साखळीने येतं : लघवीत जंतुसंसर्ग, मलावरोध, आणि उभं केल्यावर रक्तदाब उतरून चक्कर. तुम्हाला वाटतं रुग्ण व्यायामाला टाळाटाळ करते. खरं तर तिने सकाळपासून अर्धा ग्लास पाणी प्यायलेलं असतं. विचारा : “संडास-लघवीला कोण नेतं? लाज वाटते का? दिवसात पाणी किती पिता?” मग ठरावीक वेळा मावशींना जोडून द्या, म्हणजे मागायची पाळीच येत नाही. मज्जारज्जूच्या इजेत ठरावीक वेळाने नळी घालून लघवी काढत असाल तर दर ४ ते ६ तासांनी, आणि एका वेळी निघणारी लघवी ५०० मिलीच्या आत राहील असं पाणी पिण्याचं वेळापत्रक बसवा. एसटीत कपडे ओले होतील ही भीती तरुण रुग्णांनाही असते, म्हणून प्रवासाच्या दिवशीचं वेळापत्रक वेगळं लिहून द्या.

*डावा हात.* उजवी बाजू गेलेल्या माणसाला आपण सहज सांगतो, “डाव्या हाताने जेवा.” ज्या हाताने आयुष्यभर शौच धुतलं त्या हाताने, चार माणसांदेखत घास घ्यायचा! पुष्कळ लोक जेवण अर्ध्यावर सोडतात आणि कारण सांगतात ‘भूक नाही’. वजन उतरतं, मग ताकद कुठून येणार? त्याला पडद्याआड जेवू द्या, चमचा द्या, हात साबणाने धुवायला द्या, आणि घरच्यांपुढे एकदा स्पष्ट बोला. डावी बाजू गेलेल्याला उलटी अडचण असते : उजव्या हाताने धुवायचं कसं? त्याला हँडशॉवर किंवा लांब नळीचा मग दाखवा. हा विषय तुम्ही काढलात याचंच त्याला हायसं वाटतं.

*कपडे.* बाईला गाऊनमध्ये चालवून तुम्ही खूश होता, पण घरी ती साडीच नेसणार. निऱ्या पावलात अडकतात, पायाचा स्प्लिंट चपलेत बसत नाही. दुसऱ्या आठवड्यात साडीवरच चालायचा सराव घ्या. सासऱ्यांसमोर पाय उचलायचे व्यायाम करायला संकोच वाटत असेल तर खाट बदला किंवा पडदा ओढा.

*नवरा-बायकोचं.* मज्जारज्जूची इजा झालेला तरुण हा प्रश्न महिनाभर पोटात ठेवतो. तुम्ही दार उघडून ठेवा : “या दुखण्यात नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल, मूल होण्याबद्दल प्रश्न पडतात. विचारायचं असेल तेव्हा माझ्याशी बोला, नाहीतर डॉक्टरांशी गाठ घालून देतो.” एवढं पुरे. लगेच उत्तराची अपेक्षा धरू नका.

*‘ओझं झालोय’.* हे वाक्य पैशांपाशी येऊन थांबतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणता भाग बसतो आणि कोणता नाही, ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून लवकर विचारून घ्या. अंबड-सातपूरच्या कामगाराला कामावर अपघात झाला असेल आणि त्याचा विमा ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा महामंडळात) असेल, तर तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो, मात्र मालकाने अपघाताची नोंद पाठवलेली असायला हवी. ती गेली आहे का, याची चौकशी समाजसेवा अधीक्षकांनी पहिल्याच आठवड्यात करावी.

पायरी ५ : चुकीची आशा आणि खरी धोक्याची तक्रार वेगळी ओळखा

कमरेखाली संवेदना नसलेल्या रुग्णाचा पाय अचानक उडतो आणि सगळं घर आनंदतं. “नाही, ते काही नाही” असं तोडून टाकू नका. म्हणा, “हो, हलला. आता बघू, तुम्ही ठरवून हलतो का. मी म्हणेन तेव्हा अंगठा उचला.” अंगठा हलला नाही तर फरक त्यांच्या त्यांनाच दिसतो. तो झटका मज्जारज्जूतून आपोआप येतो, मेंदूच्या हुकमावरून नाही.

हात घट्ट आवळला की ‘ताकद आली’ म्हणून घरचे मऊ चेंडू आणून दाबायला देतात. बोटं मिटायला शिकतात, उघडायला नाही. चेंडू काढून का घेतला ते सांगा आणि त्याजागी बोटं उघडायचं काम द्या.

बोलणं गेलेला माणूस शिवी देतो, हरिपाठ म्हणतो, एक ते दहा मोजतो, पण बायकोचं नाव घेता येत नाही. घरचे म्हणतात, “नाटक करतात.” सवयीने पाठ झालेलं बोलणं वेगळ्या वाटेने येतं, हे त्यांना बसवून समजवा. या एका गैरसमजाने घरात फार दुखावलं जातं. उगीचच रडू येणं, ते थांबवता न येणं, हेही पक्षाघातात मेंदूच्या इजेमुळे होतं. प्रत्येक वेळी ते दुःखच असेल असं नाही.

आता तीन तक्रारी, ज्यांना ‘टेन्शन’ म्हणून सोडायचं नाही. मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असलेला रुग्ण “डोकं फुटतंय” म्हणाला, घामाघूम झाला, चेहरा लाल झाला : लगेच बसतं करा, घट्ट कपडे सैल करा, लघवीची नळी वळली-तुंबली आहे का बघा, रक्तदाब घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. बहुतेक वेळा तुडुंब भरलेलं मूत्राशय हेच कारण निघतं, पण रक्तदाब धोक्याइतका चढतो. दुसरी : “पोटरी दुखते, चोळून द्या.” चोळू नका. सूज, गरमपणा, दोन्ही पोटऱ्यांचा घेर बघा आणि कळवा, रक्ताची गुठळी असू शकते. तिसरी : ‘छातीत दडपल्यासारखं’. हिची आधी तपासणी, मग समजूत.

पायरी ६ : ध्येय रुग्णाच्या वाक्यात लिहा

“चालण्यात सुधारणा” हे ध्येय नव्हे. “१५ दिवसांत, काठी घेऊन, खाटेपासून संडासापर्यंत २० पावलं, सोबत कोणी उभं असेल पण धरणार नाही” हे ध्येय. कोण, काय, किती, कशाच्या आधाराने, कधीपर्यंत. तीनपेक्षा जास्त नकोत, आणि त्यातलं एक तरी रुग्णाने स्वतः सांगितलेलं हवं. आजींना भाकरी थापायची असेल तर ते ध्येय आहे : परातीखाली ओलं फडकं घातलं की परात सरकत नाही, ओट्याला टेकून उभं राहता येतं, दोन्ही हात कामाला लागतात. पाटावर मांडी घालून पूजा जमणार नसेल तर देव चौरंगावर उंच ठेवून खुर्चीवरून करायची सोय करा. खुब्याचा सांधा बदललेल्यांना मांडी आणि उकिडवं बसणं शल्यविशारदांनी परवानगी देईपर्यंत नाही, हेही तेव्हाच सांगा.

बार्थेल निर्देशांक, म्हणजे रोजची कामं स्वतः किती जमतात याचे गुण, १०० पैकी ४५ चा ६० झाला की टीम समाधानी होते. रुग्णाचा चेहरा पडलेला असतो, कारण वाढलेल्या १५ गुणांत त्याला हवी असलेली गोष्ट नसते. दोन्ही नोंदवा : तुमचे गुण आणि त्याचे आणे.

ध्येय मोठ्या अक्षरांत लिहून खाटेशेजारी लावा. वाचता येत नसेल तर चित्र काढा. सोबतीला आज बायको, उद्या भाऊ, परवा मेहुणा येतो आणि सांगितलेलं हवेत विरतं, म्हणून शंभर पानी वही खाटेला बांधून ठेवा. काय शिकवलं, काय विचारलं, काय उत्तर दिलं, सगळं त्यात. रात्रपाळीच्या सिस्टरनी ऐकलेलं एखादं वाक्यही लिहावं. भीती पहाटे तीनला बोलते आणि तेव्हा तुम्ही वॉर्डात नसता.

पायरी ७ : अवघड उत्तर एकाच आवाजात द्या

एक जण ‘चार महिन्यांत चालाल’ म्हणतो, दुसरा ‘बघू’, तिसरा ‘देवाच्या हातात’. रुग्ण तिन्ही उत्तरं जपून ठेवतो आणि कोणावरच विश्वास ठेवत नाही. पुढच्या स्थितीबद्दल कोण बोलणार ते टीमने ठरवा, बहुधा डॉक्टर, आणि बाकीच्यांनी तेच शब्द वापरा. तुम्हाला विचारलं तर : “आत्ता काय जमतंय ते मी सांगू शकतो. पुढचं आपण शुक्रवारी सरांसोबत बसून बोलू.” आणि शुक्रवारी खरंच बसा.

पक्षाघातात हातापायांची हालचाल पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने परतते, सहा महिन्यांनंतर वेग मंदावतो. पण रोजची कामं जमवण्यात त्यानंतरही सुधारणा होते. हे वाक्य पूर्ण सांगा, पहिलं अर्धं सांगून थांबू नका.

“त्यांना सांगू नका, खचतील” असं नातेवाईक दाराबाहेर बोलावून सांगतात. रागावू नका, त्यामागे माया असते. आधी रुग्णालाच विचारा : “आजाराबद्दल सगळं ऐकायला आवडेल की थोडं थोडं? सोबत कोण हवं?” बहुतेकांना अंदाज आलेला असतो आणि घरचे लपवतात याचाच त्रास जास्त होतो.

“आता उचल रे देवा” हे म्हातारी माणसं सवयीनेही म्हणतात, म्हणून घाबरायचं नाही आणि हसण्यावारीही न्यायचं नाही. सरळ विचारा : “जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना कळवा आणि रुग्णाला एकटं सोडू नका. पक्षाघातानंतर सुमारे तीनात एकाला नैराश्य येतं, म्हणून दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाची चाचणी घ्या. घरी गेल्यावर लागेल म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पायरी ८ : सुट्टीची तयारी घराच्या फोटोंपासून

सुट्टीच्या दहा-बारा दिवस आधी नातेवाइकांना मोबाइलवर पाच फोटो मागा : अंगण ते ओटा, मुख्य दार, उंबरा, संडास, झोपायची जागा. सोबत दाराची रुंदी टेपने मोजून. चाकाच्या खुर्चीला साधारण ३२ इंच मोकळी वाट हवी. उताराला एका फुटाच्या उंचीला बारा फूट लांबी लागते. दीड फुटाचा ओटा म्हणजे अठरा फूट उतार, आणि एवढं अंगण अनेक घरांना नसतं. मग अर्ध्या उंचीच्या रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पाइप हा मार्ग. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे जूनपासून वाट चिखलाची होते आणि लांबच्या संडासापर्यंत खुर्ची जात नाही. पावसाळ्यासाठी खाटेजवळ कमोड खुर्ची आधीच ठरवा.

मग एक रात्र वॉर्डातच सराव : घरची माणसंच सगळं करतील, तुम्ही फक्त बघाल. दर दोन तासांनी कूस बदलायला रात्री कोण उठणार, हे त्याच रात्री कळतं. बगलेत हात घालून ओढणारा मुलगाही तेव्हाच सापडतो. त्याला लगेच दाखवा, कारण त्या ओढण्याने लुळ्या हाताचा खांदा दुखावतो.

सुट्टीची तारीख कुटुंबाला विचारून ठरवा. अमावास्येला पुष्कळ घरं निघत नाहीत, आणि द्राक्षाच्या हंगामात शेतकरी घरात दिवसा माणूस नसतो. फेरतपासणीला दूरच्या गावाहून यायचं तर एक माणसाची मजुरी आणि अख्खा दिवस मोडतो, म्हणून सगळ्या विभागांच्या तारखा एकाच दिवशी बांधा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र स्थिती स्थिरावल्यावर मिळतं, आणि बऱ्याच सवलतींसाठी ते किमान ४० टक्क्यांचं लागतं. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज कसा भरायचा, ते वहीत लिहून द्या.

घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी फोन करा. “कसे आहात?” विचारलंत तर “बरं आहे” ऐकून फोन ठेवावा लागेल. विचारा : “काल रात्री लघवीला कोणी नेलं? पाणी किती प्यायलात? जेवायला कुठे बसलात, सगळ्यांसोबत की खोलीत?”